शंका-समाधान : अग्निबाणांच्या शर्यतीत कोण कुठे?

प्रश्न : अवकाश क्षेत्रात आज पहिला क्रमांक कोणाचा? प्रत्येक यादीत वेगळंच नाव दिसतं.

उत्तर : यादी करणाऱ्याने काय मोजलं, त्यावर ते ठरतं. पहिला उपग्रह सोव्हिएत संघाचा, 4 ऑक्टोबर 1957 चा. उड्डाणं मोजली तर 2024 मध्ये अमेरिकेची दीडशेच्या आसपास, चीनची 68, रशियाची 17, भारताची 5; अमेरिकेच्या आकड्यात मोठा वाटा स्पेसएक्स कंपनीच्या एकट्या फाल्कन 9 या अग्निबाणाचा. चंद्रावर अलगद उतरण्याचा निकष लावला तर सोव्हिएत संघ आणि अमेरिका 1966, चीन 2013, भारत 2023, जपान 2024. युरोप या यादीत नाहीच, पण चार बूस्टर (बाजूची जोड-रॉकेटं) लावलेलं त्याचं एरियन 6 भूस्थिर हस्तांतरण कक्षेत (दूरच्या भूस्थिर कक्षेकडे जाताना उपग्रह आधी जिथे सोडतात ती लांबट कक्षा) सुमारे साडेअकरा टन नेतं आणि भारताचं एलव्हीएम 3 चार टनांच्या आसपास.

आमचा सल्ला असा, की किती टन, कोणत्या कक्षेत आणि वर्षातून किती वेळा, हे तिन्ही एकदम विचारा. ‘अमुक टन नेतो’ एवढ्याने काहीच कळत नाही. एकाच प्रक्षेपकाचा आकडा पृथ्वीलगतच्या कक्षेला एक असतो आणि भूस्थिर हस्तांतरण कक्षेला त्याच्या निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो.

प्रश्न : हायड्रोजन आणि ऑक्सिजन जाळायचे, एवढंच ना? मग क्रायोजेनिक इंजिन जमवायला देशांना इतकी वर्षं का लागतात?

उत्तर : क्रायोजेनिक म्हणजे अतिथंड करून द्रव केलेल्या वायूंवर चालणारं. जाळणं हा त्यातला सोपा भाग. आधी हव्यास कशासाठी ते बघू. निर्वातात केरोसीन-ऑक्सिजन इंजिनातून वायू सेकंदाला साधारण 3.3 किलोमीटर वेगाने बाहेर पडतात, हायड्रोजन-ऑक्सिजनचे 4.4 किलोमीटरने. अग्निबाणाच्या वरच्या टप्प्यात (खालचा टप्पा गळून पडल्यावर पेटणाऱ्या भागात) हा फरक थेट उपग्रहाच्या वजनात मिळतो.

आता त्याची किंमत. ऑक्सिजन द्रव ठेवायला उणे 183 अंश पुरतात, हायड्रोजनला उणे 253 लागतात. शिवाय द्रव हायड्रोजन विलक्षण हलका, लिटरभर घेतला तर जेमतेम 71 ग्रॅम भरतो. 1 किलो हायड्रोजनमागे 5 ते 6 किलो ऑक्सिजन लागतो. तेवढा ऑक्सिजन पाचेक लिटरमध्ये मावतो, पण त्या 1 किलो हायड्रोजनला 14 लिटर जागा हवी. वजनाने सहावा-सातवा हिस्सा असलेल्या इंधनाची टाकी म्हणूनच सगळ्यांत मोठी.

टाकी भरण्याआधी आतली हवा घालवावी लागते. शेवटची धुलाई नायट्रोजनने करून चालत नाही, कारण उणे 210 ला तोच गोठतो; तिथे हेलियमच हवा. हवा राहून गेली तर तिच्यातला ऑक्सिजन हायड्रोजनमध्ये गोठून बसतो आणि ते मिश्रण स्फोटाला निमित्तच शोधत असतं. मग नळ्या आणि पंप गार करून घ्यायचे. ही पायरी अर्धवट राहिली, तर कोमट धातूला लागताच द्रव उकळतो, पंपात वाफ शिरते आणि भार नाहीसा झाल्याने पंप बेफाम फिरतो. बेअरिंगला ग्रीस लावावं तर त्याचा दगड होतो, त्यामुळे पंपातून जाणारं द्रवच त्यांना थंड ठेवतं. त्यात प्रत्येक धातू वेगळ्या प्रमाणात आकसतो. साध्या तापमानाला हलकेच फिरणारा रोटर (पंपाचा फिरता भाग) गारठला की धरला जाऊ शकतो.

15 एप्रिल 2010 च्या जीएसएलव्ही-डी3 या भारतीय अग्निबाणाच्या उड्डाणात भारतीय इंजिन पेटलं, पण हायड्रोजन पुढे रेटणारा बूस्टर पंप लगेच थांबला. रोटर धरला गेला असावा किंवा पंप फिरवणाऱ्या टर्बाइनचं आवरण फुटलं असावं, असे अंदाज निघाले. बेअरिंग आणि आवरण थंडीत किती आकसतात ते धरून पंप सुधारला, आणि 5 जानेवारी 2014 ला यश आलं. तरी 12 ऑगस्ट 2021 ला जीएसएलव्हीच्याच उड्डाणात टाकीतला जादा दाब सोडणारी झडप गळाली, हायड्रोजनच्या टाकीत पुरेसा दाब राहिला नाही आणि मोहीम बुडाली. एवढीशी झडप!

या इंजिनावरून क्रमवारी लावण्याचा मोह मात्र टाळा. अमेरिकेने ते 1963 मध्ये उडवलं, युरोपने 1979, चीनने 1984, जपानने 1986 मध्ये. आणि अवकाशयुग सुरू करणाऱ्या सोव्हिएत संघाने 1987 मध्ये. त्यांचं त्यावाचून अडलं नव्हतं. साध्या तापमानाला द्रव राहणाऱ्या इंधनांवर चालणाऱ्या प्रोटॉन नावाच्या अग्निबाणाने त्यांची अवकाशस्थानकं वर नेली. त्यांच्या चंद्रमोहिमेसाठी बनलेलं एक क्रायोजेनिक इंजिन तर पहिल्यांदा उडालं ते 2001 मध्ये, भारताच्या जीएसएलव्हीवर.

प्रश्न : विषुववृत्ताजवळून उड्डाण केल्याचा फायदा नेमका किती?

उत्तर : पृथ्वी पूर्वेकडे फिरते, त्यामुळे पूर्वेला उडणाऱ्या अग्निबाणाला फुकट मिळणारा वेग सेकंदाला मीटरमध्ये असा : युरोपचा तळ कुरू (फ्रेंच गयाना) 463, श्रीहरिकोटा 452, अमेरिकेचा केप कॅनाव्हरल 409, रशिया वापरतो तो बैकोनूर (कझाकस्तान) 323. कक्षेसाठी सुमारे 7,800 लागतात, म्हणजे ही मदत थोडी पण मोलाची. इस्रायल शेजारी देशांवरून उड्डाण नको म्हणून पश्चिमेला, समुद्रावर सोडतो. त्याला हा वेग मिळत तर नाहीच, उलट सुमारे 395 भरून काढावा लागतो. दोन्ही ध्रुवांवरून जाणाऱ्या ध्रुवीय कक्षेला या फिरण्याचा उपयोग नाही. श्रीहरिकोट्याहून तिकडे जाताना तर श्रीलंका टाळायला वाटेत वळण घ्यावं लागतं आणि त्यात इंधन जातं. दक्षिणेला थेट समुद्र लाभलेल्या तमिळनाडूतल्या कुलशेखरपट्टणमला नवा तळ उभारण्याचं कारण हेच.

प्रश्न : फाल्कनसारखे पाय लावून इतर देश आपला पहिला टप्पा परत का उतरवत नाहीत?

उत्तर : पाय ही शेवटची गोष्ट. आधी हवेत पुन्हा पेटणारं आणि जोर कमी करता येणारं इंजिन हवं. फाल्कन 9 च्या पहिल्या टप्प्यात 9 इंजिनं असतात आणि शेवटी त्यांतलं एकच चालतं. त्या एकाचा किमान जोरही रिकाम्या टप्प्याच्या वजनापेक्षा जास्त असतो, त्यामुळे तो हवेत तरंगत थांबू शकत नाही. वेग शून्य होणं आणि जमिनीला टेकणं एकाच क्षणी जुळावं लागतं. इंजिन लवकर पेटलं तर टप्पा पुन्हा वर जाऊ लागेल, उशिरा पेटलं तर आपटेल. परतीच्या इंधनापायी भूस्थिर हस्तांतरण कक्षेतला भार 8.3 टनांवरून 5.5 वर येतो. 2023 मध्ये निवृत्त झालेल्या युरोपच्या एरियन 5 च्या मुख्य टप्प्यात इंजिन एकच होतं, तेही जमिनीवर पेटवायचं आणि हवेत पुन्हा न पेटणारं. त्याला कितीही पाय लावले असते तरी ते उतरलं नसतं.