आरशासारख्या पाण्यावर उतरताना

होतकरू वैमानिकास,
अनेक आशीर्वाद.

सी-प्लेनचं, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानाचं, प्रशिक्षण सुरू करण्याआधी इंग्लंडमधल्या प्लिमथचा ४ फेब्रुवारी १९३१चा अपघात नीट समजून घे. ब्लॅकबर्न आयरिस ही तीन इंजिनांची दुपंखी फ्लाइंग बोट (नावेसारख्या तळाचं विमान) माउंट बॅटनच्या तळाजवळ उतरत होती. पाणी शांत होतं. तरीही ती वेळेवर सावरली गेली नाही, नाकावर पाण्यात घुसली आणि आतल्या १२ जणांपैकी बहुतेक दगावले. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स तेव्हा शॉ या नावाने तिथेच हवाई दलात होता. त्याने हे डोळ्यांदेखत पाहिलं, बचावाला धावला आणि पुढे वेगवान बचाव बोटींच्या कामात स्वतःला झोकून दिलं.

लाटा नसल्या की नजरेला धरायला काहीच उरत नाही. पाण्यात ढग दिसतात, नाहीतर थेट तळ. अजून बरेच वर आहोत असं वाटलं, तर नाक न उचलताच विमान पाण्यात शिरतं. पाणी आलंच असं वाटलं, तर वरच फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलणं) होतो, वेग मरतो आणि स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल संपून, नाक कोसळतं. अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारं उपकरण, इथे वाचवत नाही. त्यातली चूक दहा-वीस फुटांची किंवा त्याहूनही जास्त असू शकते.

म्हणून पाणी बघून फ्लेअर करायचाच नाही. वाऱ्याने तरंग उठलेला पट्टा मिळाला तर तिथे उतर, किंवा कुणाला तरी मोटरबोट फिरवायला लावून तरंग उठवून घे. यातलं काहीच नसेल तर किनाऱ्याला समांतर, जवळून ये आणि उंची बाजूच्या झाडांवरून जोख. नाक सपाटीपेक्षा किंचित वर ठेव आणि उतरण्याचा वेग मिनिटाला १५० फुटांच्या आत राहील एवढीच पॉवर दे. मग हल (विमानाचा नावेसारखा तळ) पाण्याला लागेपर्यंत काहीही बदलू नकोस. मोह होईल, तरी नाही. पाणी लागल्यावर नाक तसंच धरून पॉवर हळूहळू काढ.

याला जागा फार लागते. १०० फुटांवरून या गतीने उतरायला ४० सेकंद. ६० नॉट (ताशी सुमारे १११ किलोमीटर) वेगात तेवढ्यात सव्वा किलोमीटर पाणी मागे पडतं. जमिनीवरून येत असशील तर किनारा सुरक्षित तेवढ्या कमी उंचीवर ओलांड, म्हणजे ते अंतर घटेल.

जागा संपत आली आणि पाणी लागलं नाही, तर नाक दाबून विमान बसवू नकोस. पूर्ण पॉवर दे, वर जा आणि पुन्हा फेरी घे.