येन रुपयापेक्षा लहान, मग टोकियो स्वस्त का नाही?

प्रश्न : माझी मुलगी जपानी शिकायला टोकियोला निघाली आहे. एका येनला साठ पैसेसुद्धा पडत नाहीत, म्हणून खर्च बेताचा असेल असं आम्ही धरून चाललो होतो. आता ती सांगते, तिथे पाच किलो तांदूळ चार हजार येनला आहे! ऐकून धडकीच भरली. नक्की काय समजायचं?
– एक आई, कोथरूड

उत्तर : ताई, बँकेत परकीय चलनाच्या काउंटरवर माझी सगळी नोकरी झाली. परदेशी निघालेल्या मुलांचे आईवडील हेच विचारायचे, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी मला अजून आठवते.

आधी ते साठ पैसे मनातून काढून टाका. उंची इंचात मोजली की आकडा लहान आणि सेंटिमीटरमध्ये मोजली की मोठा, माणूस तेवढाच. जपानने 1953 साली येनच्या खालची नाणी बंद केली, म्हणजे येन हेच तिथलं सुटं नाणं. 1949 मध्ये डॉलरला 360 येन पडत होते आणि त्याच वर्षीच्या अवमूल्यनानंतर 4 रुपये 76 पैसे. म्हणजे तेव्हा एका रुपयात 75 येन यायचे. आज दोनसुद्धा येत नाहीत. येन हलका म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा.

आता तांदूळ. सोपं जावं म्हणून येनला 60 पैसे धरते. चार हजार येन म्हणजे 2,400 रुपये, किलोला 480. आपला इंद्रायणी सत्तरच्या आसपास मिळतो, तेव्हा तुम्हाला धडकी भरणारच. पण तांदळाचे पैसे कोण, कुठे कमावून देणार हे बघा. टोकियोत 2025 च्या ऑक्टोबरपासून किमान वेतन तासाला 1,226 येन आहे. तिथल्या दुकानात उभं राहणारी मुलगी सव्वातीन तासांत पाच किलो तांदूळ घरी नेते. इथे दुकानात महिना पंधरा हजारांवर रोज साडेनऊ तास राबणाऱ्या मुलाला तासाचे साठेक रुपये सुटतात. पाच किलो इंद्रायणीसाठी त्याला पावणेसहा तास लागतात. मेट्रोचंही बघा. टोकियो मेट्रोचं किमान तिकीट 180 येन, पुणे मेट्रोचं 10 रुपये. रुपयांत दहापट फरक, कामाच्या मिनिटांत जवळपास काहीच नाही.

उलट पेट्रोल घ्या. 2025 मध्ये जपानात ते बराच काळ लिटरला 175 येनच्या आसपास होतं, म्हणजे 105 रुपये. पुण्यातही जवळपास तेवढेच पडतात. जे जगाच्या बाजारातून येतं, पेट्रोल काय किंवा मोबाइल काय, त्याचा भाव दोन्हीकडे फार वेगळा राहत नाही. माणसाच्या हातचं जे असतं, म्हणजे केस कापणं, घरभाडं, कुणी रांधलेलं जेवण, तिथे मजुरी महाग असल्यामुळे रुपयांत आकडे फुगतात. मुलीने घरी स्वयंपाक केला तर वाचेल ते याचमुळे. संध्याकाळी उशिरा सुपरमार्केटमध्ये कामगार तयार जेवणाच्या डब्यांवर आधी वीस टक्के सवलतीचं आणि मग निम्म्या किमतीचं लेबल चिकटवत फिरतो, ती वेळही तिने हेरून ठेवावी.

तर ताई, वहीत दोन रकाने करा. पुण्यातून जाणाऱ्या पैशांना दराने गुणा, आणि तेही गूगलवरच्या दराने नको. बँकेचा विक्रीचा दर त्याहून चढा असतो, तो फोन करून विचारा. ती तिथे कमावेल आणि तिथेच खर्च करेल त्याला मुळीच गुणू नका. विद्यार्थ्यांना परवानगी काढून आठवड्याला 28 तास काम करता येतं. रोजचं जेवणखाण त्यातून निघू शकेल, पण फी आणि भाडं दोन्ही त्याच्या भरवशावर सोडू नका.

पहिल्या रकान्यात घराचं डिपॉझिट विसरू नका. बऱ्याच ठिकाणी घरमालकाला वेगळी रक्कमही द्यावी लागते आणि ती परत मिळत नाही. भाषा तोंडात बसेपर्यंत कामही लगेच मिळेलच असं नाही, म्हणून सुरुवातीच्या तीन महिन्यांचा सगळा खर्च इथूनच जाणार असं धरा.