कोविडमध्ये स्टेरॉइड कोणाला?

प्रश्न : २०२१ मध्ये आमच्या घरी दोघांना कोविड झाला. थोरल्या दिरांना रुग्णालयात स्टेरॉइड दिले, मला मात्र घरीच केवळ पॅरासिटामॉल. एकाच आजाराला दोन उपचार का?

उत्तर : ताई, आजार एकच असला तरी त्याच्या अवस्था वेगळ्या असतात. सुरुवातीला विषाणू वाढत असतो आणि त्याच्याशी लढायला प्रतिकारशक्ती शाबूत लागते; पुढे काही रुग्णांत हीच प्रतिकारशक्ती अनावर होऊन फुप्फुसांना सूज आणते, आणि स्टेरॉइड उपयोगी पडते ते ही सूज आवरण्यासाठी. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या औषध-चाचणीत जून २०२० मध्ये असे दिसून आले की, रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिल्याने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि केवळ ऑक्सिजनवर असलेल्यांचे एक पंचमांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना मात्र लाभ झाला नाही. औषध जुने, स्वस्त आणि सहज मिळणारे, म्हणूनच त्याचा गैरवापरही झाला, याचे मला आजही वाईट वाटते. स्टेरॉइडने रक्तातील साखर वाढते, आणि मधुमेही रुग्णांत म्युकरमायकोसिस हा बुरशीजन्य आजार बळावण्यामागे हे एक मोठे कारण होते. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरचा आकडा ९४ च्या खाली गेला नसेल, तर आपल्याला मिळालेला उपचार अपुरा नव्हता, योग्यच होता.