कोविडनंतर सीपीआरमध्ये तोंडाने श्वास द्यायला पुन्हा का शिकवतात? फक्त छाती दाबून भागत नाही का?

तुम्ही २०२१ मध्ये सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून आणि त्याला श्वास देऊन करायचा प्रथमोपचार, शिकलात तेव्हा ‘फक्त छाती दाबा, तोंडाजवळ जाऊ नका’ असं बजावलं होतं. आता रिफ्रेशरला, म्हणजे उजळणीच्या वर्गाला, ३० दाब आणि २ श्वास करायला लावतात. मग खरं कोणतं, हा तुमचा प्रश्न. मी सीपीआर शिकवते, आणि त्या काळात मीही माझ्या बॅचना हेच बजावत होते.

तेव्हा श्वास वगळले ते संसर्गाच्या भीतीने. त्यांचा उपयोग काही कमी झाला नव्हता. एप्रिल २०२० च्या अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या तात्पुरत्या सूचनांमध्येही लहान मुलांना तोंडाने श्वास देण्याची मुभा ठेवलेली होती.

चालताबोलता माणूस हृदय बंद पडून कोसळतो तेव्हा त्याच्या रक्तात काही मिनिटं पुरेल इतका ऑक्सिजन असतो. तिथे छाती दाबून ते रक्त मेंदूपर्यंत फिरवलं की सुरुवातीला बरंच काम होतं. पण बुडालेला, घशात घास अडकलेला किंवा नशेच्या औषधाने श्वास मंदावत गेलेला माणूस घ्या. त्याचा ऑक्सिजन आधी संपतो आणि मग हृदय थांबतं. तिथे नुसतं दाबत राहिलात तर फिरतं ते ऑक्सिजन नसलेलं रक्त. आपल्या उच्छ्वासात साधारण १६ टक्के ऑक्सिजन उरलेला असतो, तेवढा त्याला पुरतो.

श्वास पुन्हा सुरू केले त्या पहिल्या बॅचमधले एक गृहस्थ मला अजून आठवतात. ३० दाब अगदी नेमके दिले. मग वाकले, नाक चिमटीत धरलं, गाल फुगवून जोरात फुंकलं आणि सरावाच्या पुतळ्याची छाती हललीसुद्धा नाही. दाबता दाबता पुतळ्याचं डोकं सरळ झालं होतं, त्यामुळे श्वासमार्ग बंद. मी त्यांचा एक हात पुतळ्याच्या कपाळावर ठेवला, दुसऱ्या हाताची दोन बोटं हनुवटीच्या हाडाखाली लावली आणि डोकं मागे झुकवायला लावलं. या वेळी त्यांनी सावकाश श्वास सोडला, आणि छाती वर आली. हे वाचून जमत नाही, हाताला कळावं लागतं. दोन वर्षं सराव नसला की विसरायलाही होतं.

जोर लावू नका, हे मी प्रत्येकाला सांगते. जास्त हवा पोटात जाते, उलटी होते आणि ती फुफ्फुसात उतरू शकते. एक श्वास एका सेकंदाचा, छाती उचललेली दिसली की थांबायचं. दोन श्वासांसाठी दाब १० सेकंदांपेक्षा जास्त थांबवायचे नाहीत. छाती वर आली नाही तरी तिसरा प्रयत्न न करता पुन्हा दाबायला लागायचं.

संसर्गाची धास्ती मला समजते. एकतर्फी झडप असलेला पॉकेट मास्क, म्हणजे समोरच्याच्या तोंडावर ठेवून त्यातून श्वास द्यायचा मास्क, बॅगेत ठेवा. तो जवळ नसेल, समोरचा अनोळखी असेल आणि मन धजत नसेल, तर मदतीसाठी फोन करा आणि नुसती छाती दाबा: मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंटिमीटर खोल, पण ६ च्या वर नाही. त्यात काही चूक नाही, त्यानेही माणसं वाचतात. घरच्या माणसासाठी मात्र श्वास देता यायलाच हवेत, असं मला मनापासून वाटतं.

माझ्या त्या दोन वर्षांच्या बॅचमधल्या किती जणांना अजूनही श्वास कायमचे रद्द झालेत असं वाटत असेल, याची मला खरंच काळजी लागते. तुम्ही रिफ्रेशरला जाताय, तर पुतळ्यावर श्वासांसाठी जास्त वेळ मागून घ्या. दर वेळी छाती वर येतेय असं दिसेपर्यंत उठू नका.