जेम्स हाँग यांना नायक का केले नाही, आणि त्यांच्या कारकिर्दीला यश म्हणायचे का?

आपण विचारले आहे की, जवळजवळ सत्तर वर्षे काम करून आणि शेकडो भूमिका करूनही अमेरिकी अभिनेते जेम्स हाँग यांना हॉलिवूडने कधीच नायक का केले नाही, आणि अशा कारकिर्दीला यशस्वी म्हणता येईल का. पहिल्या भागाचे उत्तर थोडक्यात देता येते. दुसऱ्या भागावरून मात्र माझ्या घरात गेली काही वर्षे वाद चालू आहे, त्यामुळे त्यावर मी जास्त लिहिणार आहे.

१९५५ साली त्या काळचे मोठे नायक क्लार्क गेबल यांच्या ‘सोल्जर ऑफ फॉर्च्यून’ या चित्रपटातून हाँग पडद्यावर आले, तेव्हा आशियाई चेहऱ्याच्या नटासाठी नायकाची भूमिका लिहिली जाण्याचा प्रश्नच जवळजवळ उद्भवत नव्हता, आणि लिहिली गेलीच तर ती रंगभूषा करून गोऱ्या नटाला दिली जात असे. १९३७ च्या ‘द गुड अर्थ’मधले चिनी शेतकरी जोडपे पॉल म्युनी आणि लुईझ रेनर यांनी साकारले आणि रेनर यांना त्यासाठी ऑस्कर मिळाले. १९५७ साली चार्ली चॅन या चिनी गुप्तहेरावर दूरचित्रवाणी मालिका आली, तेव्हा चॅन झाले ते आयरिश वंशाचे जे. कॅरल नॅश, आणि खरोखर चिनी वंशाच्या हाँग यांच्या वाट्याला आला तो त्या चॅनचा मुलगा. ज्या माणसाला परीक्षेलाच बसू दिले नाही, त्याला पहिला नंबर का आला नाही असे विचारणे मला अन्यायाचे वाटते.

आता दुसरा भाग. माझी मुलगी स्थापत्य अभियंता आहे. दोन वर्षे नोकरी करून तिने ती सोडली आणि आता ती मराठी मालिकांमध्ये लहान भूमिका करते. घोडबंदर रोडवरच्या स्टुडिओंमध्ये बारा-बारा तासांच्या शिफ्ट करणारी, कधी नर्स, कधी वकिलाची सहायक, कधी शेजारीण होणारी ही मुलगी आमच्या नातेवाइकांच्या दृष्टीने ‘अजून काही झालेली नाही’. माझ्या पुतण्याच्या साखरपुड्यात, सांगलीला, चाळीस-पन्नास माणसांसमोर माझे थोरले बंधू तिला म्हणाले, “काय गं, अजून नर्सच का? हिरॉइन कधी होणार?” ती शांतपणे म्हणाली, “काका, सध्या तलाठी आहे.” लोक हसले. मग दादा माझ्याकडे वळून म्हणाले, “चार वर्षांची फी पाण्यात घातलीस.”

मी सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी केली, रस्ते आणि पूल पाहिले, आणि वडीलधाऱ्यांसमोर आवाज चढवण्याची मला सवय नाही. त्या दिवशी मात्र मी खुर्ची ओढून दादांसमोर बसलो आणि त्यांना जेम्स हाँग यांच्याबद्दल सांगितले. १९२९ साली मिनिआपोलिसमध्ये जन्मलेला हा माणूसही स्थापत्य अभियंताच होता. लहानपणीची काही वर्षे त्याने हाँगकाँगमध्ये काढली, पुढे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातून पदवी घेतली आणि लॉस एंजेलिस काउंटीच्या रस्त्यांच्या कामावर नोकरी धरली, म्हणजे अगदी माझ्यासारखीच. १९५४ मध्ये विनोदी नट ग्राउचो मार्क्स यांच्या ‘यू बेट युवर लाइफ’ या प्रश्नमंजुषेच्या कार्यक्रमात त्याने खुद्द ग्राउचोंचीच नक्कल करून दाखवली, ती लोकांना आवडली, कामे येऊ लागली आणि त्याने रस्ते सोडले. त्यानंतर त्याने केलेल्या कामांची संख्या, मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे, साडेचारशेपासून ते सहाशेच्या वर सांगितली जाते.

दादांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “पण सत्तर वर्षांत एक तरी सिनेमा त्याच्या नावावर चालला का?” आपला प्रश्न वाचताना मला नेमके हेच वाक्य आठवले.

सिनेमा एकट्या नायकाच्या नावावर चालतो, ही समजूतच मला मान्य नाही. रस्त्याच्या उद्घाटनाला पाटी पुलावर लागते आणि रस्त्याखालून पाणी जाऊ देणाऱ्या मोऱ्यांना कोणी नाव देत नाही, परंतु मोरी चुकली तर पहिल्या मोठ्या पावसात रस्ता वाहून जातो, हे मी नोकरीत प्रत्यक्ष पाहिलेले आहे. हाँग यांचे काम तसे आहे. १९८२ च्या ‘ब्लेड रनर’मध्ये ते कृत्रिम माणसांचे डोळे घडवणारा कारागीर आहेत. गोठलेल्या प्रयोगशाळेत, जाड फरच्या कोटात, एकटेच स्वतःशी बडबडत काम करणारा हा म्हातारा समोर उभ्या असलेल्या कृत्रिम माणसाचे डोळे पाहतो आणि जीव धोक्यात असतानाही ते आपणच घडवले हे सांगितल्याशिवाय त्याला राहवत नाही. काही मिनिटांचा तो प्रसंग आहे, आणि चित्रपटातल्या त्या जगात साधी, हाताने काम करणारी माणसेही राहतात हे त्याच प्रसंगात पटते. १९९१ मध्ये ‘साइनफेल्ड’ या विनोदी मालिकेच्या एका भागात ते चिनी उपाहारगृहाचे व्यवस्थापक झाले. मुख्य पात्रे पूर्ण भागभर टेबल मिळण्याची वाट पाहतात आणि हा माणूस प्रत्येक वेळी त्याच निर्विकार चेहऱ्याने “पाच-दहा मिनिटे” सांगतो. त्या चेहऱ्यावर एक जरी सुरकुती जास्त पडली असती, तर सगळा भाग कोसळला असता.

मुलीच्या चित्रीकरणाला मी एकदा गेलो होतो. तलाठी कार्यालयाचा प्रसंग होता, तिला दोनच वाक्ये होती आणि सातबाऱ्याचा उतारा नायकाच्या हातात द्यायचा होता. तिने कला विभागातल्या माणसाकडे शिक्का आणि शाईचे पॅड मागून घेतले, कारण शिक्का मारल्याशिवाय उतारा हातात देणारा तलाठी तिने कधी पाहिला नव्हता. आधी टाचणी काढणे, शिक्का मारणे, त्यावर हलकी फुंकर घालणे आणि मग कागद पुढे सरकवणे, एवढे तिने केले. दिग्दर्शकांनी ते तसेच ठेवले. मालिकेतला तो ट्रॅक संपल्यावर त्याच निर्मात्यांनी तिला दुसऱ्या मालिकेसाठी, या वेळी ऑडिशनशिवाय, बोलावले. माझ्या मते नटाचे यश मोजायचे असेल तर ते या दुसऱ्या बोलावण्यावरून मोजावे. हाँग यांना ‘चायनाटाउन’मध्ये १९७४ साली जी नोकराची भूमिका मिळाली, तीच करायला १९९० च्या ‘द टू जेक्स’साठी त्यांना पुन्हा बोलावले गेले. ‘कुंग फू पांडा’मध्ये पांडाला वाढवणाऱ्या हंस बापाचा आवाज त्यांनी २००८ ते २०२४ पर्यंतच्या चारही चित्रपटांत दिला.

शिवाय ते हात जोडून वाट पाहत बसले नाहीत. १९६५ मध्ये लॉस एंजेलिसला अभिनेते माको आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ‘ईस्ट वेस्ट प्लेयर्स’ ही आशियाई-अमेरिकी नाट्यसंस्था उभी केली, ती आजही काम करते. १९८९ च्या ‘द विनयार्ड’ या भयपटाचे सहदिग्दर्शन त्यांनी केले आणि त्यात मध्यवर्ती भूमिका स्वतः केली, म्हणजे ‘कधीच नाही’ हे आपले म्हणणेही तंतोतंत खरे नाही. २०२२ मध्ये, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, त्यांना हॉलिवूडच्या ‘वॉक ऑफ फेम’ या फुटपाथवर स्वतःच्या नावाचा तारा मिळाला. त्यासाठी लागणारे ५५,००० डॉलर अभिनेते डॅनियल डे किम यांच्या पुढाकाराने लोकांनी काही दिवसांतच जमवून दिले. पुढच्याच वर्षी ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल अॅट वन्स’ या चित्रपटाच्या कलाकारांना, म्हणजे हाँग यांनाही, अभिनेत्यांच्या संघटनेचा सामूहिक पुरस्कार मिळाला, तेव्हा मंचावर बोलताना त्यांनी ‘द गुड अर्थ’मधल्या गोऱ्या नटांच्या, चिनी दिसावेत म्हणून पट्टीने ताणलेल्या डोळ्यांचीच आठवण काढली.

हे सगळे खरे असले तरी दोन गोष्टी सांगायला हव्यात. हाँग यांच्या कित्येक भूमिका साचेबद्ध होत्या, कपटी खलनायक, मोडके इंग्रजी बोलणारा दुकानदार अशा, आणि त्यावर आशियाई-अमेरिकी लोकांनी घेतलेला आक्षेप रास्त आहे. दुसरे असे की, लहान भूमिका करणारा प्रत्येक जण नव्वदीपर्यंत काम करत राहत नाही, बहुतेकांना मध्येच दुसरा धंदा धरावा लागतो. अमेरिकेत अभिनेत्यांच्या संघटनेने १९६० च्या संपातून पुनःप्रदर्शनाचे मानधन, निवृत्तिवेतन आणि आरोग्य योजना मिळवून घेतली, म्हणून तिथल्या चरित्र नटाला जुन्या कामाचेही थोडे पैसे येत राहतात. आपल्याकडे मालिकेतल्या एका दिवसाच्या कामाचे पैसे बहुधा नव्वद दिवसांनी हातात पडतात आणि काम मिळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरचा वाटा त्यातून आधीच कापलेला असतो.

म्हणून आपल्या ओळखीत कोणी असे काम करणारे असेल, आणि आपला प्रश्न त्यांच्यामुळे सुचला असेल, तर हिरो कधी होणार हे त्यांना विचारू नका. करारावर सही करण्यापूर्वी त्यांनी तो वाचला का, दिवसाचा दर लेखी घेतला का आणि मागचे पैसे आले का, हे विचारा. मी मुलीला दर महिन्याला हेच विचारतो, आणि दादांनीही तिला एवढेच विचारावे, असे मी त्यांना त्या साखरपुड्यातच सांगितले होते.