नवऱ्याची मारहाण ओळखायला नर्सिंगच्या मुलींना एका तासात कसं शिकवावं?

बडोद्याच्या कॉलेजात तास एकच मिळतोय म्हणता, तर तो जखमांचे फोटो दाखवण्यात घालवू नका. डोळ्याखालचं काळंनिळं कुणालाही दिसतं. दिसल्यावर विचारायचं कसं, तिथे गाडी अडते.

आधी नवऱ्याला बाहेर काढायला शिकवा. 'तुम्ही बाहेर थांबा' म्हटलं की तो ठाण मांडतो. 'युरिन सॅम्पल घ्यायचंय, बेन एकट्याच येतील' म्हटलं की बाकावर जाऊन बसतो. सासू-नणंद दुभाषी म्हणून नकोच, आणि दोन वर्षांवरचं मूलही ऐकू येईल एवढ्या अंतरावर नको. मग एकच वाक्य, तिच्या भाषेत: 'घरमां कोई हाथ उपाडे छे?' (घरात कुणी हात उगारतं का?) आणि गप्प. जोड्या करून, घड्याळ लावून दहा सेकंद गप्प बसायला लावा. मुली तिसऱ्याच सेकंदाला 'घाबरू नका हं' म्हणतात आणि बाई 'पडले' म्हणून मोकळी होते.

'हो' आलं तर गळा आवळला होता का, हे विचारायचंच. खूण नसतेही, आवाज बसलेला, गिळताना दुखतंय, एवढंच. लगेच डॉक्टर. सहा महिन्यांत मार वाढला का, हत्यार दाखवलं का, गरोदरपणी मारलं का, तो जीव घेईल असं वाटतं का? तीन 'हो' म्हणजे धोका मोठा. घरी जाणं सुरक्षित वाटतं का विचारा आणि ती म्हणेल तर वॉर्डच्या फोनवरून 181 अभयम, म्हणजे गुजरातची महिला हेल्पलाइन, लावून द्या. पत्रक देऊ नका, पर्स तपासली जाते.

नोंद तिच्या शब्दांत: 'पतीने लाटण्याने मारल्याचं सांगते. डावा दंड, 4 बाय 2 सेमी, निळसर.' रंगावरून जखम किती दिवसांची ते लिहू नये. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालच्या नियमांनुसार घरगुती हिंसेच्या घटनेचा अहवाल झालेला नसेल तर रुग्णालयाच्या प्रमुखानेच फॉर्म 1 भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो. अहवाल नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत.

'नवऱ्याला बोलावून समजूत घालू' म्हणणारी सिनिअर सिस्टर प्रत्येक वॉर्डात असते. तिला समोर बसवून हे खोडा. दवाखान्यात काय सांगितलंस, याचा मार घरी वेगळा पडतो. 'मुलांकडे बघ' बंद, 'सोडून दे त्याला'ही बंद. ठरवायचं तिने.

हो, अठराखालच्या मुलीवर लैंगिक अत्याचार असेल तर गुप्ततेचा शब्द देऊ नका, पॉक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) कळवावंच लागतं. आणि दाराजवळची एक खुर्ची मोकळी ठेवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) 18 ते 49 वयाच्या लग्न झालेल्या बायकांपैकी 29.3 टक्क्यांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलंय; नोकरी करणाऱ्या सिस्टर्सचा वर्ग असेल तर एखादी मध्येच उठून बाहेर जाते, तिला 'कुठे निघालीस' विचारू नका.