ऑरगॅनिक सोलर सेल: सुरुवातीला एवढंच सांभाळ

वाय-सिक्स वगैरे नव्या मटेरियलच्या मागे लगेच लागू नकोस, ते १८ टक्के एफिशियन्सीचे (म्हणजे पडलेल्या उजेडातली १८ टक्के ऊर्जा वीज होते) पेपर वाचून सगळ्यांनाच सुरसुरी येते, पण आधी जुनं पीथ्रीएचटी-पीसीबीएम (पॉलिमर आणि फुलेरीनचं मिश्रण) घे. त्यात ३ टक्के एफिशियन्सी आणि साधारण ०.६ व्होल्ट दर बॅचला येत राहिले की मग पुढचं बोलू.

नवीन लोक हमखास इथे गंडतात:

- आयटीओची (वीज वाहणारा पारदर्शक थर असलेली) काच घाईत धुणं. साबण, पाणी, अ‍ॅसिटोन, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), मग १५ मिनिटं यूव्ही-ओझोन. पेडॉटचा (काचेवर पहिला थर द्यायच्या वीजवाहक पॉलिमरचा) थेंब काचेवर लगेच पसरायला हवा, मण्यासारखा गोळा होऊन बसला तर काच परत धुवायला टाक.
- पेडॉट फिल्टर न करणं. एखादा कण राहिला तरी सेल शॉर्ट होऊ शकतो.
- मास्क (उजेड ठराविक जागेवरच पडू देणारी झाकणी) न लावता मोजणं. एरिया चुकतो, करंट उगाच जास्त दिसतो आणि लोक पार्टी मागायला येतात.

अ‍ॅक्टिव्ह लेअर (उजेड शोषणारा मधला थर) १०० नॅनोमीटरच्या आसपास ठेव. जाड केला की उजेड जास्त शोषतो हे खरं, पण चार्ज इलेक्ट्रोडपर्यंत पोचायच्या आतच एकमेकांना भेटून संपतात.

मॉर्फॉलॉजी (थराची आतली रचना), मोबिलिटी (चार्ज किती सहज सरकतात) सध्या राहू दे. पॉलिमरचा बॅच नंबर मात्र वहीत लिहीच, दुसऱ्या बाटलीतला तोच पॉलिमर वेगळा वागू शकतो.